कढीपत्ता म्हणजे झाड नव्हे

“घरात झाडं ठेवायची नाहीत. कुंडी नाही, टोपली नाही, नवऱ्यानं आणलेला गुलाबसुद्धा नाही,” असं कंपनीतल्या ग्रॉन्यानं गुंजनला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं आणि गुंजननं चहाच्या कपावरून मान डोलावून इथल्यासारखं “ग्रँड”, म्हणजे ‘ठीक’, म्हटलं होतं. तनय गुलाब आणेल, या कल्पनेचंच तिला जास्त हसू आलं होतं.

खरं तर इशारा कानाआड करणाऱ्यातली गुंजन नव्हेच. हवामान खात्यानं वाऱ्याचा नारिंगी इशारा दिला की आयर्लंडातल्या स्लायगोचे लोक कचऱ्याचे डबे आत घेतात. गुंजन त्याहून सौम्य अशा पिवळ्यालाच घ्यायची, आणि शेजाऱ्यांचेही घ्यायची. लेकीची, म्हणजे रेवतीची, द्राक्षं अजून उभी चिरून डब्यात जात. रेवती चार वर्षांची होती आणि “आई, आय कॅन च्यू,” असं अगदी स्लायगोच्या हेलात सांगायची, पण ऐकतंय कोण?

तर त्या दिवशी ग्रॉन्यानं पुढे विचारलं, “मग, आहेत का काही झाडं घरी?”

गुंजननं मनातल्या मनात सगळं घर फिरून पाहिलं. बैठक, जिना, झोपायची खोली, न्हाणीघर. एकही कुंडी नव्हती. ती प्रामाणिकपणे म्हणाली, “नाही.”

स्वयंपाकघराच्या खिडकीत कढीपत्ता होता. पण कढीपत्ता म्हणजे काही झाड नव्हे. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, अशा ओळीतली ती गोष्ट. हिंगाच्या डबीला कुणी झाड म्हणतं का?

आता ही झाडांची एवढी भानगड कशासाठी, ते सांगायला हवं. गुंजन नोकरी करायची ती इमारत बाहेरून फर्निचरच्या गोदामासारखी दिसायची. नावाची पाटी नाही, खिडक्या नाहीत, कुंपणावर कॅमेरे. आत औषधी गांजा वाढायचा. सरकारी परवान्याचा, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांसाठी लागणारा. गुंजन पुण्याची सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर, एम.एस्सी. करायला आली आणि इथलीच झाली. कंपनीत गुणवत्ता विभागात होती. तिच्या आईनं बिल्डिंगमध्ये “आयुर्वेदिकसारखंच काहीतरी” असं सांगून विषय मिटवला होता.

गांजा म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं, त्यातलं तिथे काहीच नव्हतं. ऑपरेशन थिएटरमध्ये शेती केली तर कशी दिसेल, तसा प्रकार. आत जायचं तर अंगावरचे कपडे काढून कंपनीचे घालायचे, केसांवर जाळी, दाढीवर जाळी, बुटांवर पिशव्या. मंगळसूत्र, अंगठी, टिकली, सगळं लॉकरमध्ये. दोन दारांच्या मधल्या चिंचोळ्या खोलीत उभं राहायचं; मागचं दार बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नसे. हवा गाळलेली, पाणी गाळलेलं, उजेड मोजलेला. कारण हे औषध जाणार ते आधीच खंगलेल्या माणसांच्या पोटात आणि फुप्फुसात. त्यामुळे त्यावर कीटकनाशक फवारायची सोय नव्हती. कीड आली तर झाड उपटायचं, पिशवीत बांधायचं आणि जाळायला पाठवायचं. एवढंच औषध.

त्यातही सगळ्यांचा जीव होता तो आईझाडांच्या खोलीत. या झाडांना फुलं येऊच द्यायची नसत. दिवे जास्त वेळ लावून त्यांना तरुण ठेवायचं आणि त्यांच्या फांद्या छाटून नवी रोपं करायची. इमारतीतलं प्रत्येक रोप त्या आठ-दहा आयांचं.

“म्हणजे झोप नाही, आराम नाही, आणि ज्यानं त्यानं येऊन लचका तोडायचा,” गुंजन पहिल्यांदा ऐकून म्हणाली होती. “आईच म्हणायची ती.”

ग्रॉन्या तेव्हा हसली होती. ती लागवडीची प्रमुख. सहसा हसत नसे. तेव्हापासून दोघींचं जमलं.

इतकं जमलं, की रेवतीच्या पाळणाघराची जागा अचानक गेली तेव्हा ग्रॉन्याच म्हणाली, “माझ्या मॅमकडे ठेव तिला. मुलाघमोरला एकटीच असते. दिवसभर समुद्राशी भांडते, त्यापेक्षा तुझ्या लेकीशी भांडेल.”

ग्रॉन्याच्या आईचं, म्हणजे त्या मॅमचं, नाव ब्रीड. पहिल्या दिवशी रेवतीला तिच्या दारात सोडून गुंजन जी गाडीत येऊन बसली, ती निघेचना. खिडकीवर डोळे लावून बसली. थोड्या वेळानं ब्रीड चहाचा मग घेऊन बाहेर आली, गाडीच्या काचेवर टकटक केलं आणि म्हणाली, “पोरी, पहारा द्यायचाच असेल तर आत बसून दे. इथे गारठशील.”

गुंजन आत गेली आणि ब्रीडच्या ओट्यावर तिनं पहिल्यांदा पोहे केले. ब्रीडनं ताटलीतलं एकेक पान उचलून हुंगलं. “हे काय गं? लिंबासारखं आहे आणि नाहीही.”

पुढच्या आठवड्यात गुंजन दह्याच्या रिकाम्या डब्यात कढीपत्त्याचं पिल्लू घेऊन गेली. मुळाशी फुटवा आला की तो काढून कुणाला तरी द्यायचा, ही आयर्लंडमधल्या मराठी घरांची रीतच होती. गुंजनला तिचं पिल्लू गॉलवेच्या नीलिमाताईंनी गणपतीत दिलं होतं. दुकानात पाकिटातून येणारा कढीपत्ता म्हणजे नुसता हिरवा कागद. त्यामुळे पिल्लू मिळणं म्हणजे सोन्याची नथ मिळण्यासारखं.

“ऊन लागेल तिथे ठेव. आणि अधूनमधून मुळाशी ताक घाल.”

“बटरमिल्क?” ब्रीडचा चेहरा खुलला. तिच्याकडे सोडा ब्रेडसाठी ताक कायमच असायचं. “अर्धं ब्रेडला, अर्धं युअर मॅनला.”

युअर मॅन म्हणजे ‘आपला तो हा’. तेच कढीपत्त्याचं नाव पडलं. युअर मॅनला आज नवं पान आलंय. युअर मॅनला वारा सोसत नाही. रात्री थंडी वाढली की ती त्याला उचलून हॉट प्रेसमध्ये ठेवायची. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, जिथे लोक टॉवेल उबदार ठेवतात. नवरा गेल्यानंतर घरात पहिल्यांदाच गुड नाइट म्हणायला कुणीतरी आहे, असं ती सांगायची, आणि वर स्वतःच खो खो हसायची.

असं सगळं ग्रँड चाललेलं असताना एका रविवारी सकाळी गुंजननं पोह्यांसाठी डहाळी तोडली आणि तिचा हात थबकला.

पानांवर बारीक पांढुरके ठिपके होते, सुईनं टोचल्यासारखे. देठाच्या बेचक्यात कोळिष्टक, जवळजवळ न दिसणारं. तिनं पर्समधून भिंग काढलं. कंपनीतल्यासारखंच हे भिंग तिनं स्वतःसाठी घेऊन ठेवलं होतं, रेवतीच्या डोक्यातल्या उवा शोधायला. पान उलटं केलं. पानामागे लाल ठिपके होते. ठिपके चालत होते.

लाल कोळी. पानांचा रस शोषणारी, टाचणीच्या टोकाएवढी कीड.

“तनय.” गुंजनचा आवाज इतका बारीक झाला, की तनय आंघोळ अर्धवट टाकून आला. “शुक्रवारी सकाळी मी उपमा केला होता ना?”

“हो. चांगला झाला होता.”

“आणि तिथून तशीच कामाला गेले. आईझाडांच्या खोलीत. नमुने घ्यायला.”

तनयला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं आधी कढीपत्त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “तू कपडे बदलतेस. जाळी लावतेस. कसा जाईल तो आत?”

“केसातून. कानाच्या पाळीवरून. मला काय माहीत! त्याला काय परमिट लागतंय?”

“त्याला नाही लागत,” तनय म्हणाला, “पण आपल्याला लागतं.”

हे मात्र खरं होतं. दोघांचं इथलं राहणं गुंजनच्या नोकरीवर होतं; तनय आला तो तिचा नवरा म्हणून आणि मागाहून त्याला काम मिळालं. नोकरी गेली तर नवी मिळेपर्यंत सगळं टांगणीला. आणि ‘घरी झाड आहे का’ या प्रश्नाला सरळ नाही म्हणालेल्या बाईला औषधाच्या धंद्यात नवी नोकरी कोण देणार?

“आत्ता हे पिशवीत बांधून टाकलं,” तनय हळूच म्हणाला, “तर कुणाला कळणारेय? कदाचित तिकडे काहीच नसेल.”

गुंजनलाही तेच वाटत होतं. तसं वाटतंय याचाच तिला राग येत होता. पण सोमवारी आईझाडांच्या फांद्या छाटायच्या होत्या. एका झाडावर एक जरी कोळी असला, तर तो शेकडो रोपांबरोबर खोल्याखोल्यांत फिरणार. आज एका पानावर असेल, महिन्याभरात सगळ्या इमारतीत.

“कधी ताप नसतानाही मी रेवतीला चारदा थर्मामीटर लावते,” ती म्हणाली. “आणि आता ताप दिसतोय, तर थर्मामीटर लपवू?”

ग्रॉन्या रविवारी आईकडे जेवायला असायची. म्हणून गुंजननं अंघोळ केली, केस दोनदा धुतले, धुतलेले कपडे घातले आणि रेवतीला तनयजवळ सोडून मुलाघमोर गाठलं. दार ग्रॉन्यानं उघडलं. मागून भाजलेल्या बटाट्यांचा वास आला.

“ये ना आत, बाहेर काय उभी?”

“नको. मी आत येत नाही. ग्रॉन्या, माझ्या घरी झाड आहे.”

ग्रॉन्याचं तोंड जरासं उघडं राहिलं. “तू नाही म्हणाली होतीस.”

“तेव्हा मला खरंच तसं वाटलं नाही. ते झाड नाही, कढीपत्ता आहे.”

“आणि कढीपत्ता म्हणजे काय असतं?”

“खायचं असतं!” गुंजन रडकुंडीला आली होती. “फोडणीत घालतात. त्याला लाल कोळी लागलाय, आज पाहिला. आणि शुक्रवारी मी आईझाडांत होते.”

गुंजनला वाटलं, आता संपलं. तेवढ्यात आतून ब्रीडचा आवाज आला. “युअर मॅनचीच जात का गं? त्यालाही परवापासून ठिपके आलेत. मला वाटलं, वय झालं.”

ग्रॉन्यानं अगदी सावकाश मान वळवली. जेवणाच्या टेबलावर, बटाट्यांच्या भांड्यालगत, जिथे ती दर रविवारी कोपर टेकून बसायची तिथे, दह्याच्या डब्यातून बढती मिळून आता चिनी मातीच्या भांड्यात कढीपत्ता उभा होता.

“मॅम. हे काय आहे?”

“तो ना? भाजी आहे.”

“हे झाड आहे, मॅम! घरात झाड ठेवायचं नाही, मी किती वेळा सांगितलंय!”

“आणि मी माझी जिरेनियम त्याच दिवशी शेजारणीला देऊन टाकली,” ब्रीड ठणकावून म्हणाली. “पण भाजीचं तू काही बोलली नव्हतीस. दर रविवारी जेवायला बसतेस त्याच्या शेजारी, दिसत नव्हता का तुला?”

ग्रॉन्याला दिसत होता. दर रविवारी दिसत होता. पण आईच्या टेबलावर मीठदाणीशेजारी उभी असलेली गोष्ट झाड असू शकते, हे आयर्लंडातल्या लागवडीच्या जाणकार बाईच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिनं गुंजनकडे हात पुढे केला. गुंजननं उंबऱ्यावरूनच भिंग दिलं. ग्रॉन्यानं पान उलटलं, पाहिलं, आणि जिन्याच्या पायरीवर मटकन बसली.

“तुझ्यापेक्षा माझ्याकडे जास्त आहेत,” ती म्हणाली.

पुढचं घडलं ते कंपनीच्या पार्किंगमध्ये, ग्रॉन्याच्या गाडीत. दोघींपैकी कुणीच आत जाऊ शकत नव्हतं. रविवारची पाळी सारंगची होती. नागपूरचा पोरगा, लागवडीत नवा. ग्रॉन्यानं त्याला फोन करून सांगितलं, की पूर्ण कपडे चढव, भिंग घे, कंपनीचा आतला फोन घे आणि व्हिडिओ लाव. दोघी गाडीत हीटर लावून बसल्या. ब्रीडनं बळेच दिलेला ॲपल टार्ट ग्रॉन्याच्या मांडीवर होता.

“पहिलं झाड. खालची पानं. उलट कर,” ग्रॉन्या सांगत होती.

“काही नाही. हिरवंगार.”

“पुढचं.”

“हेही साफ. गुंजनताई, झालंय काय नेमकं? ग्रॉन्या असं रडल्यासारखं का बोलतेय?”

“सारंग,” गुंजन मराठीत म्हणाली, “तुझ्याकडे कढीपत्ता आहे?”

मग सारंगनं अगदी घाबरत विचारलं, “नीलिमाताईंच्या पिल्लातला?”

“देवा!”

“नाही नाही, मेला तो! डिसेंबरातच. तेव्हा रडलो होतो मी, ताई. आत्ता जरा बरं वाटतंय.”

ग्रॉन्यानं विचारलं, काय म्हणतोय? गुंजननं भाषांतर केलं. ग्रॉन्यानं डोळे मिटले आणि टार्टचा मोठा घास घेतला. “म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्याभोवती बाग लावलीय.”

झाडामागून झाड साफ निघत गेलं. गुंजनचा श्वास मोकळा होऊ लागला होता, तोच सारंग दाराजवळच्या शेवटच्या आईझाडापाशी थांबला. नमुन्यांचा ट्रे टेकवायची जागा तीच.

“इथे... थांबा. हो. आहे. दोन आहेत. एकाच पानावर.”

कुणाचे होते ते, गुंजनचे की ग्रॉन्याचे? ते शोधायला कोळ्यांच्या गळ्यात काही पट्टे नव्हते. ग्रॉन्यानं विचारलंच नाही. ते झाड पिशवीत बांधायला सांगितलं, शेजारची दोन वेगळ्या खोलीत, खोलीचं दार बंद, उद्याची छाटणी रद्द. कोळी खाणारे दुसरे उपयोगी कोळी मागवायचे. मग फोन ठेवून ती म्हणाली, “उद्या वरच्यांना सांगायचं. मी माझं सांगणार, तू तुझं सांग. आणि हो, भाजी-बिजी म्हणू नकोस.”

“म्हणणार आहे,” गुंजन म्हणाली. “तेच तर झालं. तोच प्रश्न परत विचारला तर उद्या कुणी तिसरी परत नाहीच म्हणेल.”

सोमवारी वरच्यांनी दोघींना आळीपाळीनं बसवून घेतलं. गुंजननं सगळं सांगितलं, हिंगाच्या डबीसकट. उत्तर यायला गुरुवार उजाडला. दोघींना लेखी ताकीद मिळाली. गुंजनला काही महिने वाढीच्या खोल्या बंद, नुसतं प्रयोगशाळेतलं काम. पण नोकरी राहिली. छाटणीच्या आधी बोललात म्हणून, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. छाटणीनंतर बोलल्या असतात, तर बोलण्यासारखं काही उरलं नसतं. नव्या माणसाला विचारायचा प्रश्नही बदलला. तो आता असा आहे: घरात मातीत उभं असलेलं काहीही आहे का, खायचं, पूजेचं, भेट आलेलं, ज्याला तुम्ही झाड समजत नाही असंसुद्धा?

घरचा कढीपत्ता गुंजननं त्याच रविवारी दोन पिशव्यांत बांधला होता. एकही पान ठेवलं नाही. रेवती बघत होती. “आई, इज ही गोइंग टू द ब्राउन बिन?”

“नाही गं. ब्राउन बिनमधल्या ओल्या कचऱ्यात टाकला तर कोळी फिरून येईल.”

नीलिमाताईंना फोन गेला, लेटरकेनीच्या देवयानीला गेला. पिल्लं जिथे जिथे गेली होती तिथे सगळ्यांनी पानं उलटून पाहिली. राहिला होता एकच, युअर मॅन. तो मी माझ्या हातानं टाकीन, असं ब्रीडनं सांगितलं होतं, आणि संध्याकाळी फोन करून “गेला बिचारा” असंही कळवलं होतं.

घर निर्धोक आहे असं ठरेपर्यंत गुंजन आणि ग्रॉन्या, दोघींनाही ब्रीडच्या घरात पाऊल टाकायची बंदी आहे. रेवतीचंही तिकडे जाणं थांबलंय. तिला सध्या तनय सांभाळतो. रविवार आला की ग्रॉन्या दारात उभी राहून विचारपूस करते. ब्रीड आतून म्हणते, “आय’म ग्रँड.” आता या देशात पाय मोडलेला माणूसही ग्रँडच असतो.

आणि परवा व्हिडिओ कॉलवर रेवतीनं विचारलं, “नॅना ब्रीड, व्हाय इज द बटरमिल्क इन द हॉट प्रेस?”

ब्रीड म्हणाली, सिग्नल जातोय. फोन बंद. तेव्हापासून ती फोन उचलत नाही.

गुंजन काय करणार? आत जाऊन पाहावं तर नोकरी. ग्रॉन्याला सांगावं तर म्हातारीची शेवटची सोबत पिशवीत बांधली जाणार. न सांगावं तर हा दुसऱ्यांदा लपवलेला थर्मामीटर. उद्यापर्यंत कळलं नाही तर ती सांगणारच आहे, तिनं तनयला तसं बोलूनही दाखवलंय. पण त्याआधी तिचं एक मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला फिरायला जाणार असेल, आणि तुमच्या घरी मातीत उभं असलेलं काहीही नसेल, तर मुलाघमोरच्या बंदरावरून वर जाणाऱ्या रस्त्यावरच्या निळ्या दारावर टकटक करा. चहा देईल, तो घ्या. हॉट प्रेसमध्ये कुणी आहे का, ते दिसलं तर पाहा. त्याला उजेड हवा, आणि कोळी असेल तर काय करायचं ते गुंजन सांगेल. पण ते नंतर. आधी ती जेवते का, जिना नीट चढते का, आणि फोन का उचलत नाही, ते बघा. किनाऱ्याला उद्या पुन्हा पिवळा इशारा आहे, आणि तिचे डबे अजून बाहेरच असतील.